साडेआठ किलो

ठोसा नाकावर बसला आणि धाकटा पाठीवरच्या सॅकसकट दगडांत कोसळला. थोरल्याने त्याला उठू दिलं नाही. कॉलर धरून आणखी एक ठेवून दिली. धाकट्याच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि ओठांवरून हनुवटीवर उतरली. आसपास चिटपाखरू नव्हतं. वर खिंड होती, मागे अडीच दिवसांची वाट, आणि मध्ये हे दोन पन्नाशीचे भाऊ शाळेच्या पटांगणात भांडावं तसे भांडत होते.

थोरल्याचं म्हणणं साधं होतं. खिंड दुपारच्या आत ओलांडायची. नंतर तिथे असा वारा सुटतो की माणूस उभा राहत नाही. वाट पाच दिवसांची आणि खाणंही मोजून पाच दिवसांचं. एक दिवस उशीर म्हणजे एक दिवस उपास. आणि हे महाशय दर वळणावर थांबत होते. विचारलं तर नुसते हसत होते. त्या हसण्यानेच थोरल्याचं डोकं फिरलं.

निघण्याआधी त्याने घरात दोन्ही सॅक हुकाच्या काट्याला टांगून तोलल्या होत्या. साडेआठ किलो. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. या बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. टूथब्रशच्या दांड्या त्याने अर्ध्या कापल्या, कपड्यांची लेबलं उसवली, नकाशाच्या कोऱ्या कडासुद्धा कात्रीने उडवल्या. धाकट्याने हळूच घातलेला जाड टॉवेल त्याने बाहेर काढून त्याच्या तोंडावर फेकला होता. ज्याचं ओझं त्याने वाहायचं, दुसऱ्याच्या सॅकला हात लावायचा नाही, हा नियम. शेवटच्या दोन दिवसांचं खाणं आणि गॅसच्या डब्या ज्याच्या त्याच्या सॅकमध्ये, निळ्या पिशवीत बांधून तळाशी. चौथा दिवस उजाडेपर्यंत ती पिशवी उघडायची नाही.

पहिल्या चढावर थोरल्याला जरा जड गेलं होतं, हे खरं. छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं, दरदरून घाम फुटला. बुटाची नाडी सुटली असं सांगून तो खाली बसला आणि थोड्या वेळाने उठला. दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा धाकटा आधीच उठून चहा करत होता. त्या सकाळपासून थोरल्याची सॅक फुलासारखी हलकी झाली. सामान भरणं ही कला आहे, असं तो वाटभर ऐकवत राहिला. धाकटा मागून धापा टाकत हो हो म्हणायचा. तंबूत तो थंडीने कुडकुडायला लागला, तेव्हा जॅकेट बायकोपाशी ठेवून आलास का, असा टोमणाही थोरल्याने मारून घेतला.

"काय लपवलंयस आत?" आता खिंडीखाली त्याच्यावर वाकून थोरल्याने विचारलं.

धाकट्याने सॅकचे पट्टे घट्ट धरले. थोरल्याने हिसके दिले, तरी तो सोडेना. मग थोरल्याने चालायची काठी उचलली आणि त्याच्या मनगटावर हाणली. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. काठी शाबूत होती.

पट्टे सुटले. थोरल्याने सॅक दगडांवर उपडी केली. निळी पिशवी पडली. तिच्यामागून आणखी एक निळी पिशवी पडली. दुसरीवर थोरल्याच्याच अक्षरात लिहिलं होतं : थोरला, दिवस चार आणि पाच.

त्याला सगळं उमजलं, निदान तसं वाटलं. सख्खा भाऊ चोर निघाला. त्याने धाकट्याच्या बरगडीत लाथ घातली, मग दुसरी घातली. माझ्या तोंडचा घास पळवतोस, असं म्हणत तो शिव्या देत सुटला. धाकटा मनगट पोटाशी धरून मुटकुळं करून पडला होता.

तिसऱ्या लाथेला पाय उचलला, तेव्हा थोरल्याची नजर पिशवीवर गेली. तोंडाशी त्याने स्वतः मारलेली दुहेरी गाठ होती. ती सुटलेली नव्हती. आत सगळी पाकिटं जशीच्या तशी, गॅसच्या डब्या भरलेल्या. तीन किलोंचं ओझं. न खाता, न वापरता ते कोण चोरून नेईल?

त्याने पाय खाली टेकवला आणि स्वतःची सॅक उपडी केली. तळाशी, निळ्या पिशवीच्या जागी, धाकट्याचं पिसांचं जॅकेट कोंबलेलं होतं. जागा तेवढीच भरलेली, वजन जवळजवळ नाहीच.

"परवा तुझी नाडी सुटली नव्हती, दादा," धाकटा रक्त थुंकून म्हणाला. "मी मागेच होतो. पण बोललो असतो, तर तू परत फिरला असतास का?"

तो फिरला नसता, उलट त्याने तिथेच याला दोन लगावल्या असत्या. थोरल्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याला वर बघवेना. त्याने जॅकेट धाकट्याच्या अंगावर घातलं, मोडलेला हात रुमालाने गळ्यात बांधला, नाकाखालचं रक्त पुसलं. माणसांची वस्ती मागे फिरण्यापेक्षा पुढेच जवळ होती, खिंडीपलीकडे दीड दिवसावर. वारा सुटायला तासभर उरला होता. त्याने दोघांचं सगळं सामान एका सॅकमध्ये भरलं. धाकटा डाव्या हाताने निदान एक पिशवी घेतो म्हणाला, पण थोरल्याने त्याला कशालाही हात लावू दिला नाही. मग ती सॅक त्याने पाठीवर घेतली. किती किलो झाली हे कळायला आज काट्याची गरज नव्हती.

तो दहा पावलं चालला. अकराव्या पावलाला छातीत तीच मूठ आवळली, आणि तो वाटेतच खाली बसला. मागून धाकटा वाकत, बरगडी धरून जवळ आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला.

नाडी सुटली, एवढं म्हणण्याइतकाही दम थोरल्यात उरला नव्हता.