खोल चेंबर

तात्यांनी त्यांच्या जुन्या शर्यतीच्या गाडीचं इंजिन पुन्हा नव्याने बांधलं, पण घोडं अडलं ते इंजिनाखाली तेल साठवणाऱ्या चेंबरपाशी.

"तात्या, उथळ घ्या. खोल चेंबर खाली घासेल," मेकॅनिक म्हणाला.

"उथळ घेतलं की जोराच्या वळणावर तेल एका बाजूला पळतं आणि इंजिन कोरडं पडतं. एवढा जीव ओतलाय, तो काय जाळून टाकायला?"

शेवटी खोलच बसवलं.

रविवारी सकाळी बायकोला शेजारी बसवून तात्यांनी गाडी बाहेर काढली. इंजिन असं काही गुरगुरलं की शेजारीपाजारी गॅलरीत आले. तात्यांची मान ताठ झाली. गल्लीच्या तोंडाशी मात्र खालून खर्रकन आवाज आला आणि गाडी स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसली. पुढे जाईना की मागे येईना.

तात्या उतरले, वाकून बघितलं. नशिबाने चेंबर शाबूत होतं, पण डोकं तापलंच. "कुठल्या शहाण्याने हा एवढा उंच करून ठेवलाय?"

 

बायकोने काच खाली घेतली. "तुम्हीच. लोक गल्लीतून गाड्या सुसाट पळवतात म्हणून गेल्या वर्षी स्वतः उभं राहून वाढवून घेतलात."