नोंद जतन झाली

प्रोग्राम एकशे बाराव्या ओळीवर थांबला आणि तौहिदने ती ओळ पुन्हा वाचली.

शहाद्याच्या घरी तो सकाळपासून लॅपटॉपला चिकटून होता. तोरणमाळच्या एका दवाखान्यातली गरोदर बायांची नोंदणी ओपन सोर्स, म्हणजे कोड कुणालाही पाहता येईल अशा, जावा सर्व्हरवर चाले आणि त्याची देखभाल तौहिदकडे होती. आतला कोड मात्र त्याने कधी उघडलाच नव्हता. आज पहिल्यांदा त्याने तो उतरवून घेतला. जावाची जुनी आवृत्ती शोधून बसवली. कोडपासून चालता प्रोग्राम बनवणारं, तीनदा फसलेलं बिल्ड चौथ्यांदा पार पडलं, तेव्हा रिकामा डेटाबेस जोडून सर्व्हर डीबगमध्ये, म्हणजे हव्या त्या ओळीवर थांबवून पाहता येईल असा, चालू केला. मग एक खोटी नोंद भरली : नानीबाई. डोंगरातल्या बाया सांगतात तसं, नुसतं नाव.

त्या एकशे बाराव्या ओळीवर आडनावाचा रकाना रिकामा दिसताच कोडने नोंद गुपचूप टाकून दिली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'नोंद जतन झाली.'

सहा महिन्यांपूर्वी अशाच बावीस नोंदी सापडल्या नव्हत्या. बावीस बायांना तपासणीचा निरोपच गेला नव्हता. नोंदी भरणारी निशा फोनवर रडकुंडीला आली होती.

"सर, मी रोज भरते. हिरवं येतं."

"सर्व्हर खोटं बोलत नाही, निशा," तो म्हणाला होता. नोंदी भरल्याच गेल्या नाहीत, असा अहवाल त्याने दिला. निशाची नोकरी गेली. परवा तिच्या जागी आलेल्या प्रतिभाचा फोन आला, "सर, मन्ह्या नोंदी बी दिखी नही ऱ्हायन्या," तेव्हा कुठे तो हलला होता.

दुसऱ्या दिवशी तो घाट चढून वर गेला. निशा मक्यात निंदत होती. त्याला पाहून ती उठली, हाताची माती झटकली, पण बांधापर्यंत आली नाही. तोच आत गेला.

"निशाताई, चूक तुमची नव्हती. मी काल सगळं तपासलं. कोडमध्ये असं आहे की..."

"आडनाव नसलं की नोंद जाते," तिनेच वाक्य पुरं केलं. "तेव्हाच लिहून दिलं होतं ना, सर. बावीसही नावांसकट. तुम्ही वाचलं नाही?"

तो कागद त्याच्या हातात आला होता. वर 'कर्मचाऱ्याचा खुलासा' असं लिहून, न वाचताच, त्याने तो अहवालाला जोडला होता.