विमानाचा तुकडा

विमानाचा इतिहास म्हणजे माणसानं वजनाशी मांडलेला अखंड लढा होय, असं संध्या मगरे मॅडमनी पुठ्ठ्यावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं. पंख्याच्या वाऱ्यानं तो पुठ्ठा सकाळपासून तीनदा पडला.

जाफराबादचं तालुका विज्ञान प्रदर्शन, शिक्षक गट. टेबलावर ओळीनं विमानं कशाची बनत आली ते मांडलेलं: लाकडाची पट्टी, खळ देऊन ताणलेलं सुती कापड, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. आणि शेवटी वहीएवढी काळी पाटी, कार्बन फायबरची. बंगळुरूच्या कारखान्यात असलेल्या भावानं, संघपालनं, खऱ्या पंखातून उरलेला तुकडा पाठवला होता. त्यावर नाणं वाजवलं की खणखणीत बोलायचा. चार वर्षं मॅडम तालुक्यालाच बाद होत होत्या. यंदा या तुकड्यावर जिल्हा गाठायचा होता.

पुठ्ठ्यासाठी चिकटपट्टी घेऊन त्या परतल्या, तर पाटी जागेवर नाही. दारात टाळ्या वाजत होत्या. प्रमुख पाहुणे विज्ञानाचं उद्घाटन नारळ फोडून करत होते. फरशी नवी, तिच्यावर फोडायला मुख्याध्यापकांची मनाई. म्हणून शिपाई कारभारीमामांनी उंबऱ्याला काळी पाटी तिरपी लावून दिली होती. तिसऱ्या घावाला नारळ फुटला.

"मामा, अहो, ती विमानाची आहे!"

"तुम्हीच तं म्हणल्या काल, लोखंडाहून मजबूत हाये म्हणून." मामांनी पाटी सदऱ्याला पुसून परत दिली. "अन् बघा की मॅडम, चरा बी न्हाई."

चरा खरंच नव्हता. मॅडमनी नाणं वाजवलं. कडेला खण्ण. मधोमध बद्द.

परीक्षक जेवण करून चारला आले. मॅडमनी जे होतं तेच सांगायचं ठरवलं.

"अ‍ॅल्युमिनियमला मार लागला की पोचा दिसतो, सर. याला दिसत नाही. वरून धड, आतून थर सुटलेले. म्हणून असं वाजवून बघावं लागतं."

परीक्षकांनी चष्मा काढला, वाकून कान लावला. कडेला ऐकलं, मधे ऐकलं. परत एकदा ऐकलं. चार वर्षांत या टेबलापाशी कुणी इतका वेळ थांबलं नव्हतं.

"म्हणजे तुकडा खराब झालाय."

"हो सर, पण खराब झालेला कसा ओळखायचा, तेच तर—"

"मॅडम, समजलं मला. बराबर आहे तुमचं. पण खराब सामान जिल्ह्याला पाठवलं, तर तालुक्याची काय इज्जत राहील?"

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मॅडमनी नाणं पर्समध्ये टाकलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

सहाला निकाल लागला. शिक्षक गटातून जालन्याला थर्माकोलचं विमान गेलं.