वस्तरा हातात असताना

"समजा, या खुर्चीवर तुमचे दादा बसलेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बोला त्यांच्याशी. जे बोलायचं राहून गेलं ते."

धाकटा खुर्चीकडे बघत राहिला. साधी लाकडी खुर्ची, पाठीला उशी बांधलेली. पन्नाशी उलटली तरी गल्लीत सगळे त्याला धाकटाच म्हणत, कारण सलूनमध्ये थोरला भाऊ होता. आता थोरला गेला. नाव तेवढं चिकटून राहिलं. कुणाचा धाकटा, ते देव जाणे.

"रागावू नका मॅडम, पण आधीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. झोप लागायला लागली, खोटं कशाला बोलू? मग दुसऱ्यांनी श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. म्हटलं, आजवर काय मी उसना घेत होतो? पण घेतला. आता तुम्ही म्हणता, खुर्चीशी बोल! बाहेर वहिनी बसलीय. तिनं ऐकलं तर म्हणेल, भावजींची उरलीसुरली अक्कलही गेली."

बाई हसल्या. तेवढ्यात टेबलावरचा फोन केवढ्यांदा तरी खणाणला. बाई दचकल्या. धाकटा हलला नाही.

"आमच्या धंद्यात दचकून चालत नाही," तो म्हणाला.

बाईंनी फोन बंद करून ठेवला. "गोळ्यांनी झोप आणली. श्वासानं छातीतली धडधड उतरली. आणि हात?"

धाकट्याचं हसू मावळलं. तिथंच तर घोडं अडलं होतं. गिऱ्हाईकाच्या गळ्याभोवती कापड बांधेपर्यंत सगळं ठीक. हत्यार उचललं की हाताचा दगड व्हायचा. गिऱ्हाईक बिचारं मान वाकवून वाट बघायचं आणि शेवटी आपल्याच हातानं कापड सोडून निघून जायचं. वहिनीचं घर आणि त्याचं घर, दोन्ही त्या एका दुकानावर चालायची. शटर तरी किती दिवस खाली ठेवणार?

तो उठला. बाईंनी समोर मांडलेली दुसरी खुर्ची सोडून थेट त्या रिकाम्या खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याचा पाय दुकानातल्या सवयीनं खुर्ची वर करायचा दांडा चाचपू लागला.

"समोर बसून बोलायचं असतं," बाई म्हणाल्या.

"समोरासमोर आम्ही कधी बोललोच नाही हो. त्याचे केस मी कापायचो, माझे तो. एक बसलेला, दुसरा मागे. तोंड बघायचं ते आरशात."

बाईंची नजर त्याच्या कॉलरवर उतरलेल्या केसांकडे गेली. सलूनवाल्याचं डोकं, आणि असं रान माजलेलं! "बरं," त्या म्हणाल्या, "मागूनच बोला."

धाकट्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवले.

"दादा," तो म्हणाला. "पित्त झालंय म्हणालास. दुकानातल्या बाकावर टेकलास. मला वाटलं, डुलकी लागली. अरे, मी रेडिओ बारीक केला! तुझी झोप मोडू नये म्हणून! हाताच्या अंतरावर होतो रे मी. एक हाक मारायचीस. चहात साखर कमी पडली तर गल्ली गोळा करायचास, आणि जीव जाताना मूग गिळून बसलास?"

मेलेल्या माणसावर कुणी रागावतं का? पण धाकटा रागावला होता. हा राग घरी दाखवायची सोय नव्हती. वहिनीसमोर तो कुठल्या तोंडानं बोलणार होता?

बाईंनी त्याला गप्प केलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता तुम्ही त्या खुर्चीत बसा. आता तुम्ही दादा. धाकटा विचारतोय, हाक का मारली नाहीस? काय सांगाल त्याला?"

"नाटकं करायला लावता राव," तो पुटपुटला. पण बसला.

समोर आरसा नव्हता, नुसती भिंत होती. त्यानं डोळे मिटले. बाकावरून दुकान दिसत होतं. पाठमोरा धाकटा. साबणाचा फेस लावलेलं, मान वर केलेलं गिऱ्हाईक. धाकट्याचं उचललेलं कोपर.

"तुझ्या हातात वस्तरा होता," तो म्हणाला.

बाई थांबल्या.

"गिऱ्हाईकाच्या गळ्यावर वस्तरा होता, मॅडम." हा आवाज पुन्हा धाकट्याचा होता. "दुकानातला पहिला कायदा. दादानंच शिकवला, कान पिळून. वस्तरा चालू असलेल्या माणसाला हाक मारायची नाही. दुकानाला आग लागली तरी नाही. तो वस्तरा खाली ठेवेपर्यंत थांबायचं."

त्यानं डोळे उघडले नाहीत.

"थांबला असेल तो. दाढी संपायची वाट बघत. आणि गिऱ्हाईक म्हणालं, अजून एक हात फिरव. मी फिरवला."

मग त्याची मान आपोआप खाली गेली. मानेवरचे केस कापून घ्यायला बसावं तशी हनुवटी छातीला टेकली. तो तसाच बसून राहिला. मागे कुणी नव्हतं.

वेळ केव्हाच संपली होती. पुढच्या माणसानं दार थोडं उघडून आत डोकावलं. बाईंनी त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

धाकट्याला त्यांनी हाक मारली नाही.