निळं कडं, लाल ठिपका

"झटपट चाचणीत काही नाही, रक्ताच्या आधीच्या दोन काचांवरही काही नाही," डॉक्टर प्रयोगशाळेच्या दारातूनच म्हणाले. "आज तापाचा आठवा दिवस. तासाभरात मी रुग्णाला मोठ्या दवाखान्यात हलवतोय. आता आणखी काय शोधणार, ताई?"

रक्त तपासणाऱ्या ताईंनी मान वर केली नाही. "तास आहे ना? मग तो मला द्या."

रुग्ण बसचालक होता. एक दिवसाआड हुडहुडी भरायची आणि ताप चढायचा. ताईंचं मन मलेरियावरून हटायला तयार नव्हतं. म्हणून आज त्यांनी स्वतः वरच्या वॉर्डात जाऊन त्याच्या बोटाचं रक्त आणलं होतं.

रंगवून वाळवलेल्या काचेवर त्यांनी तेलाचा एक थेंब सोडला. सूक्ष्मदर्शकाचं सर्वांत मोठं भिंग अलगद त्या थेंबाला टेकवलं. धूसर होतं ते लख्ख झालं. रक्तपेशींच्या फिकट गुलाबी तबकड्या, एकीला एक खेटून.

काच केसभर सरकवायची, भिंगातून दिसणारा एक गोल बघायचा, पुन्हा सरकवायची. शंभर गोल झाले. दोनशे झाले. मान आखडली, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"अगं, चहा पार निवला तुझा," नोंदणीच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली.

"निवू दे."

तीनशेच्या आसपास त्यांचा हात थांबला. एकाच पेशीत निळं कडं, कड्यावर लाल ठिपका. मलेरियाचा जंतू.

"माझा मोबाइल दे," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "आणि टेबलाला धक्का लावशील तर बघ!"

मोबाइलचा कॅमेरा त्यांनी डोळा लावायच्या वरच्या भिंगावर धरला. पहिला फोटो नुसता काळा. दुसरा हलला. तिसऱ्यांदा त्यांनी कोपर टेबलावर रोवलं, श्वास रोखला. फोटो आला. कडं आणि ठिपका, दोन्ही स्वच्छ. तो त्यांनी लगेच डॉक्टरांना पाठवला.

डॉक्टर जिना उतरून धावतच आले. फोटो पाहिला होताच, आता वाकून भिंगातूनही पाहिलं.

"माझ्या हातून सुटलं असतं हे, ताई," ते म्हणाले. "इथंच औषध सुरू करतो."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. बसचालकाची बायको प्रयोगशाळेत आली. मोबाइल हातात घेऊन तिनं फोटो दोन बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला.

"एवढ्याशानं माझ्या माणसाला आडवं पाडलं? आणि एवढंसं तुम्हाला सापडलं तरी कसं?"

ताई हसल्या. "लपण्यात तो जंतू हुशारच होता. मी फक्त उठले नाही."