व्हरांड्यातली गव्हाणी

“आजी, अब देखो! एकदम कंट्री स्टाईल!” सावनीनं स्टुलावरून उडी मारली.

विजयाताईंनी पाहिलं. व्हरांड्याच्या जाळीला सुतळीची तोरणं, मधूनमधून लाल चौकटींच्या कापडाची फुलं, खिडकीत कंदील. कोपऱ्यात आंब्याच्या पेटीच्या फळ्या ठोकून केलेली गव्हाणी, आत थोडं गवत. गव्हाणीच्या छपरावर कापूस भुरभुरवलेला.

“हे गं काय पांढरं?”

“बर्फ आहे.”

“नयनाच्या मलिहाबादेत बर्फ पडतो होय?”

“आजी यार, फोटो में ऐसा ही है।”

नयना मात्र हसली नाही. वरच्या मजल्यावरची ही भाडेकरू, पेशानं नर्स. तिचं सारं लक्ष जिन्याकडे होतं. तिचे वडील, गजेंद्रबाबू, दिवाळीनंतर मलिहाबादेहून इथे शहरात आले होते. उभा जन्म आंब्याच्या बागेची राखण केलेला माणूस. कालपासून त्यांचं गाठोडं बांधून तयार होतं. बड़ा दिन, म्हणजे नाताळ, गावातच करायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. गावात त्यांच्या खोलीचं छप्पर पावसाळ्यात बसलं होतं. ऐंशीचं वय, अंगात मुरणारी ही थंडी, आणि पाचची बस.

“मैं रोक नहीं पाऊँगी, आंटी,” ती सकाळी म्हणाली होती. “सोचा, गाँव ही यहाँ ले आऊँ।”

मार्गशीर्षातला गुरुवार होता. विजयाताईंच्या देवघरात लक्ष्मीचा कलश मांडलेला, पोटात सकाळपासून दोन केळी. त्यांनी लक्ष्मीला सकाळीच सांगितलं होतं, आज माझ्यासाठी काही नको, त्या म्हाताऱ्याला थांबव.

आता त्यांचं लक्ष नयनाच्या डब्यात गेलं. आत वीतभर बाळाची मूर्ती कागदात गुंडाळून ठेवलेली. अगंबाई, सगळी आरास झाली आणि देव डब्यात? त्यांनी बाळाला अलगद उचललं, गवतावर निजवलं, समोर एक शेवंतीचं फूल ठेवलं. मखर कसं भरल्यासारखं वाटलं.

जिन्यावर काठी वाजली. गजेंद्रबाबू गाठोडं काखेत घेऊन उतरले. तोरणं पाहिली, कंदील पाहिला. छपरावरचा कापूस चिमटीत घेऊन फुंकर मारून उडवून दिला. मग काठीनं चकचकीत फरशी ठोकली.

“इहाँ गइया कहाँ बैठी?”



त्यांची नजर गव्हाणीत गेली आणि ते दचकून मागे सरले. “अरे! ई का? अभी तो आए ही नहीं!”

“बाबूजी, सजावट है,” नयना हळूच म्हणाली.

“बड़े दिन की रात आएँगे।” काठी जाळीला टेकवून त्यांनी बाळाला दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि लेकीच्या ओंजळीत दिलं. “सँभाल के रख। चलो, बस का टाइम हो गया।”

विजयाताईंच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. पंचांग पाहिल्याशिवाय वात न लावणारी मी, आणि दुसऱ्याचा देव तिथीआधीच बसवला! त्या आत गेल्या. कलशाखालची जागा सारवून उरलेलं शेण घमेल्यात होतं. ते घेऊन आल्या, पदर खोचला आणि कोपऱ्यात खाली बसून फरशी सारवायला लागल्या.

“आजी! गुडघे! आणि उपास है आपका!”

“तू आधी तो कापूस काढ.”

गजेंद्रबाबू उभ्यानं पाहत राहिले. मग वाकून म्हणाले, “पतला है, बहनजी। उखड़ जाएगा। पुआल मिलाइए।”

“मिलाऊँ कैसे? आप बताइए.”

गाठोडं बाजूला ठेवून ते जाळीला धरून खाली बसले. गव्हाणीतलं मूठभर गवत घेऊन त्यांनी हातांनी बारीक केलं, शेणात कालवलं. चार म्हातारे हात एकाच लयीत फरशीवरून फिरत राहिले. चकाकी गेली, सारवलेल्या जमिनीचा वास सुटला. नयना बाळाला छातीशी धरून उभी होती.

गजेंद्रबाबूंनी हात कागदाला पुसले. गळ्यातला मफलर काढून गव्हाणीत अंथरला, त्यावर उरलेलं गवत पसरलं. मधोमध मुठीनं दाबून खळगा केला. त्या खळग्यात उजवा तळहात ठेवला. आणि तो उचललाच नाही.

फाटकाशी ई-रिक्षा थांबली. “बाबा! पाँच की बस पकड़नी है ना? चलिए!”

नयनानं गाठोड्याकडे पाहिलं.

गजेंद्रबाबूंनी डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. “धीरे बोलो, भैया। जगह गरम कर रहे हैं।”

“तो कर के आ जाइए।”

“हाथ उठाया, तो फिर ठंडी।”

“कब तक बैठे रहिएगा?” तो हसला.

म्हाताऱ्यानं बोटं मोजली. “पाँच दिन हैं अभी।”

रिक्षा निघून गेली. नयना जिन्याच्या पायरीवर मटकन बसली आणि ओढणीत तोंड घालून रडायला लागली, पण आवाज होऊ दिला नाही.

विजयाताई हात तसेच धरून बघत राहिल्या. आपल्या बाळकृष्णाला त्या थंडीत रोज दुलई घालत. पण ते, आलेल्या देवाला. त्या गवतातल्या हाताकडे पाहताना त्यांना नमस्कार करायचं सुचेना, हात शेणाचे होते.

“आजी, आरती का टाइम!” आतून सावनीची हाक आली.

त्या उठल्या. एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या, आणि बाळ नुकतंच निजलेलं असावं तशी, पावलांचा आवाज न करता, रिकाम्या गव्हाणीजवळून आत गेल्या.