न चाळलेली माती

"थांब, आधी मला चाळू दे," गच्चीच्या दारातून शकूआजी म्हणाली, आणि मंदाकिनीने हो-नाही म्हणायच्या आत मातीच्या ढिगाशी फतकल मारून बसलीसुद्धा.

मंदाकिनी मनातून चडफडली. कात्रजच्या या नव्या इमारतीत राहायला आल्यापासून गच्चीवरची तिची मिरची-टोमॅटोची बाग सगळ्यांच्या कौतुकाचा विषय होती. खर्च म्हणाल तर नावापुरता. कुंड्यांच्या जागी वाण्याकडचे रिकामे तेलाचे डबे, तळाला भोकं पाडलेले. इमारतीचा पाया खणताना निघालेली माती मागच्या भिंतीशी पडून होती, ती फुकट. तिच्यात कुजलेलं शेणखत, कुजवलेला पालापाचोळा, काथ्याचा भुसा आणि थोडी निंबोळी पेंड. मुठीत दाबली की लाडू वळावा आणि बोट लावताच फुटावा, अशी माती तिला साधली होती. त्यात कुणाची लुडबुड तिला नको होती.

पण शकूआजीला नको कोण म्हणणार? ही जमीन मुळात तिच्याच घरची. मुलाने, सर्जेरावाने, ती बिल्डरला देऊन तळमजल्यावरचा फ्लॅट पदरात पाडून घेतला होता.

म्हातारी चाळत होती. प्रत्येक ढेकूळ बोटांनी फोडायची, डोळ्यांजवळ न्यायची. चाळणीत उरलेले खडे तळहातावर घेऊन एकेक निरखायची आणि मगच टाकायची. ओठ सारखे हलत होते. मागच्या ढिगापाशीही रोज दुपारी तिचं हेच चालायचं. गंमत अशी की तिच्या स्वतःच्या खिडकीत साधी तुळससुद्धा नव्हती.

"एवढी माती चाळून ही करते तरी काय?" संध्याकाळी मंदाकिनीने नवऱ्याला विचारलं.

"व्यायाम," अनंत पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "याहून निरुपयोगी कामं लोक पगार घेऊन करतात."

शेजारच्या रझियाभाभींनी मात्र चेष्टा केली नाही. "आमच्या सगळ्या कुंड्या उपसून बघितल्या तिनं," त्या म्हणाल्या. "रोपं काढली, माती चाळली, पुन्हा लावून दिली. आता तुमची पाळी दिसते."

मंदाकिनी हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. तिला नुकतेच दिवस गेले होते. याआधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा घरात आणलेलं झबलं-टोपडं गुपचूप कुणालातरी देऊन टाकावं लागलं होतं. हे तिसरं मूल तिला हवं होतं, अगदी जीव जाईल इतकं हवं होतं.

आणि नेमकं ते म्हातारीच्या नजरेला आलं. एकदा चाळता चाळता ती थांबली आणि मंदाकिनीच्या पोटाकडे बघत राहिली.

"पोटुशी हायेस न्हवं?"

मंदाकिनीने पदर सावरला.

"मग ह्या मातीत हात घालू नगंस," म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली. "मी बघते आधी."

त्या दिवसापासून मंदाकिनीने तिचा धसकाच घेतला. शकूआजी लेकीकडे विश्रांतवाडीला गेली, ती संधी साधून तिने ढिगातली माती आणली, खडे वरवर वेचले, खत-पेंड कालवली आणि एक मोठा डबा भरून टाकला. चाळणीच्या वाटेला गेलीच नाही. त्या डब्यात टोमॅटोचं रोप असं फोफावलं की बघत राहावं. फळं तर अशी गोड की डोहाळ्यांच्या दिवसांत तिने दुसरं काही फारसं खाल्लंच नाही.

सातव्या महिन्यात रोप वाळलं. माती पुन्हा खत घालून वापरावी म्हणून तिने डबा पालथा केला. मुळांच्या जाळ्यात काहीतरी अडकलं होतं. तिने ओढून काढलं. काळ्या मण्यांची, तान्ह्या मुलाची मनगटी होती ती.

म्हणजे म्हातारीने डाव साधला होता. न चाळलेला एवढा एकच डबा, आणि त्यातच हे पुरून ठेवलं. पोटातल्या बाळावर करणी केली. वाहत्या पाण्यात सोडलं की असलं काही उतरतं, असं तिची आई म्हणायची. मंदाकिनी अनंतची वाट बघत थांबली नाही. डब्यातली माती, मुळं, मनगटी, सगळं बादलीत भरून ती धापा टाकत मागच्या ओढ्यावर गेली आणि पाण्यात ओतून आली. मग तशीच तळमजल्यावर गेली. पोटात बाळाने जोरात लाथ मारली, तेव्हा कुठे तिला धीर आला.

शकूआजी एकटीच घरात होती.

"माझ्या डब्यात मनगटी तुम्हीच पुरलीत ना?" मंदाकिनी दारातूनच ओरडली.

म्हातारी भिंतीला धरून उभी राहिली. "काळ्या मण्यांची? चांदीच्या तारंत ववलेली?"

"म्हणजे तुम्हीच! माझ्या बाळानं तुमचं काय बिघडवलं होतं?"

"आनखी काय लागलं का गं हाताला?" म्हातारीने विचारलं. "बारीक... काडीगत?"

"मी बघत बसले नाही. मातीसकट सगळं ओढ्यात सोडलं."

म्हातारीने कोपऱ्यातली चाळण उचलली. चपला न घालताच ती दाराशी आली आणि मंदाकिनीचा हात घट्ट धरला.

"तान्ह्या लेकराला जाळत न्हाईत, बाई. हितंच आमच्या बांधाला मातीत ठिवला व्हता त्याला, मनगटी हातात तशीच ऱ्हाऊ दिली व्हती. पाया खणला तवा कुनी मला इचारलंबी न्हाई. चल, ओढ्यात कंच्या अंगाला सोडलास माझा ल्योक, तेवढं दाव."